पप्पांची जामिनकी

पप्पा मे महिन्यात गेले. धुळ्याचा मे, सकाळी नऊलाच पत्रे तापलेले. पुण्याहून माझा भाऊ पोचेपर्यंत थांबता येईल का, हीच चर्चा दुपारपर्यंत चालली. संध्याकाळी दफनविधी झाला. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं भरपूर आली. ज्याच्यामुळे हे लिहिते आहे तोही आला होता. माती लोटायला फावडं त्यानेच हातात घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही. मंडळीत सगळे त्याला दादा म्हणतात, मीही दादाच म्हणेन.

पप्पा जिल्हा परिषदेचे शिक्षक. आई लग्नाआधी नवापूर तालुक्यात चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. घर देवपुरात, दोन खोल्या आणि वर पत्र्याची खोली. मी जळगावला शाळेत शिकवते. एरंडोल, पारोळा, धुळे हा एस.टी.चा रस्ता मला पाठ आहे, पण त्या उन्हाळ्यात तो फार लांब वाटायचा.

शाळा सुरू झाल्यावर आईचा फोन आला. "एक कागद आला आहे. पप्पांच्या नावाचा. आल्यावर बघ." कागद पतसंस्थेचा होता. दादाने मालवाहू गाडी, म्हणजे छोटा हत्ती, घेण्यासाठी चार लाखांचं कर्ज काढलं होतं. पप्पा जामीनदार. हप्ते थकले होते. व्याजासह तीन लाख साठ हजार रुपये भरा, नाहीतर सहकार कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे वसुली दाखला घेऊ, अशी नोटीस. शिवाय पप्पांची एक मुदत ठेव त्याच संस्थेत होती. ती मोडायला आई गेली तेव्हा काउंटरवर सांगितलं, आधी कर्जाचं मिटवा.

आईला जामिनकीचं काहीच माहीत नव्हतं. पप्पांनी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसेल, याचा विचार मी बरेच दिवस केला. उत्तर साधं असावं. आई नको म्हणाली असती.

दादाला भेटायला गेलो. गाडी घरासमोर उभी, टायर बसलेले. तो केळी वाहायचा, रावेर-सावद्याकडून. टाळेबंदीत धंदा बसला, मग गाडीचं काम निघालं, मग हप्ते राहिले ते राहिलेच. तो खोटं बोलत नव्हता. त्याची आई अमळनेरकडच्या खेड्यातली, अहिराणी बोलणारी. माझा हात धरून म्हणाली, "माय व, पोऱ्यानं काम बुडनं, आम्हले थोडी मुदत दे." मुदत देणारी मी नव्हतेच, पतसंस्था होती. पण त्या माउलीला हे कसं सांगणार? चहा पिऊन निघालो.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. काका म्हणाले, केस ठोका. आत्या म्हणाली, त्यांची सही होती ना, मग निमूट भरून टाका, भावाच्या नावाला बट्टा नको. पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले तेव्हा त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला. भावाने भावाविरुद्ध परक्यांच्या न्यायासनापुढे जाऊ नये, असं पौल तिथे सांगतो. क्षमा करा, मंडळीत मिटवा, बाहेर वाच्यता नको. मंडळी लहान आहे, गावात नाव जातं, हेही ते बोलले. त्यांचं चुकीचं होतं असं म्हणत नाही. खान्देशात आम्ही मूठभर. एकाचं भांडण सगळ्यांच्या माथी येतं.

रविवारी मात्र अवघड जायचं. दादा आमच्या दोन बाकं पुढे बसायचा. प्रभूची प्रार्थना सुरू व्हायची आणि ऋण सोडण्याचं वाक्य जवळ यायचं. मी तेवढं वाक्य म्हणायचेच नाही. आई म्हणायची, मोठ्याने. मला तिचा राग यायचा. नंतर जळगावला परतताना बसमध्ये स्वतःचाच यायचा.

मी मग घरी बसून बायबल काढलं. भक्तीसाठी काढलं म्हणणं खोटं होईल. मला उत्तर हवं होतं. जामिनकीबद्दल नीतिसूत्रे एकदम स्पष्ट आहेत. सहाव्या अध्यायात, अकराव्यात, बाविसाव्यात, पुन्हा पुन्हा तेच: दुसऱ्यासाठी जामीन राहू नकोस, अडकशील. बाविसाव्या अध्यायात तर अंगाखालचं अंथरूणही जाईल असा इशारा आहे. पप्पा संडे स्कूल घ्यायचे. त्यांनी हे वाचलं नसेल असं होणार नाही. मग फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आठवलं. पंचवीस वचनांचं इवलंसं पत्र. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासासाठी पौल मालकाला लिहितो की तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, हे मी स्वहस्ते लिहितो. ही सरळसरळ जामिनकीची सही आहे. म्हणजे एकाच पुस्तकात जामीन राहू नकोस असंही आहे आणि जामीन राहिलेला प्रेषितही आहे. पप्पा त्या प्रेषिताच्या बाजूचे निघाले. मला त्यांचा अभिमान वाटला असता, पण पौलाच्या मागे बायको-मुलं नव्हती, हेही तेव्हाच डोक्यात आलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे प्रकरण ओळखीचं वाटेल. नारायण वामन टिळक मोठा माणूस. हातात येईल ते देऊन टाकणार. आमच्या धरणगावच्या बालकवींनाही त्या घराने आपलं म्हटलं. पण दिलेल्याचा मेळ घरात लक्ष्मीबाईंना घालावा लागायचा. दान एक करतो आणि तंगी दुसरा सोसतो, हे ख्रिस्ती घरांत काही नवीन नाही. आमच्या घरी आईने सोसायचं होतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

गाडं हललं ते दुसऱ्या जामीनदारामुळे. कर्जाला जामीनदार दोन होते. दुसरे म्हणजे पप्पांच्या शाळेतले एक सर, अजून नोकरीत असलेले. ते ख्रिस्ती नाहीत. दादाला ओळखतही नव्हते. पप्पांच्या शब्दावर त्यांनी सही केली होती. त्यांच्या पगारातून कपात सुरू झाली होती. ते आईला भेटायला आले, सांत्वनाला. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना फक्त म्हणाले, "मॅडम, मुलीच्या ॲडमिशनचं बघतोय, जरा ओढाताण आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मंडळीत आम्ही दादाला क्षमा करून मोकळे झालो असतो. प्रार्थना झाली असती, रडारड झाली असती, गळाभेटी झाल्या असत्या. आणि हप्ता सरांच्या पगारातून जात राहिला असता. आम्ही जे सोडून देणार होतो ते आमचं नव्हतंच. दुसऱ्याचा तोटा मी कशी माफ करणार? त्यासाठी माझ्याजवळ अधिकारच नाही. आईच्या वाट्याचं मी सोडू शकत नाही, सरांच्या वाट्याचं आई सोडू शकत नाही.

करिंथकरांचा अध्याय पुन्हा वाचला. पौल नुसतं कोर्टात जाऊ नका म्हणून थांबत नाही. भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असं तो विचारतो. म्हणजे निवाडा व्हायला हवाच, फक्त घरात व्हावा. पाळकसाहेबांनी हे वचन वाचलं होतं, पण त्यावर ते थांबले नव्हते. पुढे पौल हेही विचारतो की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? तिथे मी अडले. अजूनही अडते. पण सोसायचं ते स्वतः निवडून, एवढं तरी त्यात गृहीत असावं. सरांनी काय निवडलं होतं?

मग मत्तयाचा अठरावा अध्याय, निष्ठुर चाकराचा दाखला. लहानपणापासून ऐकलेला. त्याची सुरुवात मी कधी नीट ऐकलीच नव्हती. राजा आपल्या चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो, तिथून तो दाखला सुरू होतो. आधी हिशेब, मग माफी. किती सोडतो आहोत हे राजाला माहीत आहे: दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. आणि त्या चाकराचं दुसऱ्याकडे येणं होतं शंभर दीनार. प्रवचनात हे शंभर दीनार क्षुल्लक म्हणून सांगतात. शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक कशी? रोज पाचशे धरला तर पन्नास हजार होतात. दाखला तोटा लहान आहे असं म्हणत नाही. तोटा खरा आहे आणि तो कुणीतरी आपल्या अंगावर घेतला, असं म्हणतो.

शेजारचे काका निवृत्त कारकून. 'गीता प्रवचने' त्यांना जवळजवळ पाठ. ती प्रवचनं विनोबांनी आमच्याच धुळ्याच्या तुरुंगात दिली. १९३२ साली, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी. साने गुरुजी समोर बसून उतरवून घ्यायचे. आमची भक्तीही रविवारी, म्हणून काका नेहमी गमतीने म्हणतात, आपला वार एकच. त्यांच्या कपाटात विनोबांचं 'ख्रिस्तधर्म-सार'ही आहे, आणि आमच्या मंडळीत ते कुणाच्या घरी असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फळ सोडायचं असतं, पोरी, काम नाही. तू अर्ज कर. राग घरी ठेवून जा." पाळकसाहेबांनी सांगितलं असतं तर मी कदाचित वाद घातला असता. काकांचं ऐकलं.

आता कामाचं सांगते, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते.

नोटीस पप्पांच्या नावाची होती. आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिली गोष्ट करायला लावली ती म्हणजे मृत्यूचा दाखला जोडून संस्थेला लेखी कळवणं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेणं. तोंडी बोलू नका, असं त्या दर वेळी सांगायच्या. मग कर्जखात्याचा उतारा आणि जामीनपत्राची प्रत मागितली. काउंटरवर म्हणाले, उतारा कर्जदारालाच मिळतो. मग दादालाच सोबत नेलं. तो आला, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. त्याच्या सहीने उतारा मिळाला.

कायदा असा की कर्जदाराची जितकी जबाबदारी, तितकीच जामीनदाराची. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग आमच्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. जामीनदार गेला तरी आधीच्या कर्जाची जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर राहते. पण वारसांवर ती मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. आमच्या पगारातून पप्पांची जामिनकी कापता येणार नव्हती. सरकारी पेन्शनवरही जप्ती येत नाही. हे ऐकल्यावर आईने पहिल्यांदा नीट जेवण केलं. तिला वाटत होतं पेन्शन जाणार. कुणी तिला तसं सांगितलंही होतं.

दोन जामीनदार असतील तर दोघांवर बोजा सारखा. आणि जामीनदाराने पैसे भरले की ते कर्जदाराकडून परत मागायचा हक्क त्याला मिळतो, मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं. म्हणून पावती जामीनदारातर्फे भरणा अशी घ्यायची. कर्जदाराच्या नावावर नुसते पैसे भरले तर पुढे आपण भरले हे सिद्ध करताना दमछाक होते.

उतारा घेऊन भावाने पुण्यात रात्री बसून आकडे जुळवले. करारात दंडव्याज थकलेल्या हप्त्यावर लिहिलं होतं, लावलं होतं पूर्ण येणे बाकीवर. तसं लेखी दिलं. वसुली दाखल्यासाठी निबंधक कार्यालयात तारीख लागली, तिथेही म्हणणं लेखीच दिलं. मला वाटलं होतं आता वर्षानुवर्षं फेऱ्या. पण संस्थेलाही पैसे हवे होते. एकरकमी परतफेडीत दोन लाख सत्तर हजारांवर मिटवायची तयारी त्यांनी दाखवली.

हा आकडा हातात आल्यावर मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, आता मंडळीत बसू या, शहाणा माणूस शोधू या. ते मोकळेपणाने हो म्हणाले. भक्तीनंतर मागच्या खोलीत बसलो. दादा, त्याची बायको, आई, मी, पंचांपैकी दोघे. सरांना मुद्दाम बोलावलं होतं. शेजारचे काका न बोलावता आले. प्रार्थना झाली आणि मग भावाने पाठवलेला कागद टेबलावर ठेवला.

गाडी विकायचं ठरलं. दादाचा जीव गाडीत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची बायको म्हणाली, "विका. उभी राहून गंजतेच आहे." एक लाख चाळीस हजार आले. तीस हजार दादाने त्याच्या भावाकडून आणले. उरले एक लाख. पन्नास हजार सरांनी, पन्नास हजार आम्ही. सरांच्या पगारातून आधी कापलेली रक्कम त्यांच्या वाट्यात धरली. हे सगळं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलं. दादाने दोघांचे पैसे दरमहा थोडे थोडे द्यायचे, आधी सरांचे, मग आमचे. आधी सरांचे, हे आईने सुचवलं.

पैसे भरले, बेबाकी दाखला मागून घेतला, मुदत ठेव सुटली. दाखला मागितल्याशिवाय मिळत नाही. मागाच.

आमचे पन्नास हजार म्हणजे बरोबर शंभर दीनार निघाले. हे बसमध्ये माझ्या लक्षात आलं आणि मी एकटीच हसले.

दादाने सरांचे पैसे फेडले. वेळ लावला, मध्ये काही महिने बुडवले, पण फेडले. आता तो दुसऱ्याची गाडी चालवतो. आमच्या हप्त्यांची वेळ आली तेव्हा आईने त्याला घरी बोलावलं. वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर विधवेचा वाटा एक तृतीयांश, बाकीचं मुलांचं. आईने हे वकीलबाईंकडून नीट समजून घेतलं होतं. ती त्याला म्हणाली, "माझा तिसरा हिस्सा मी सोडला. पोरांचं पोरांना विचार. ते माझं नाही." आणि तसं तिने स्टॅम्पच्या मागे लिहून सहीही केली. मला हे आवडलं. किती सोडलं, कुणाचं सोडलं, सगळं लिहिलेलं. जक्कयाच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कयानेही चौपट परत देईन असा आकडाच सांगितला होता.

भावाने त्याचा वाटा सोडला. मी सोडला नाही. दादा मला दर महिन्याला पाचशे पाठवतो, कधी उशिरा. मी पावतीचा मेसेज करते. त्याच्याशी बोलते, त्याच्या मुलीला इंग्रजी शिकवते, प्रार्थनेतलं वाक्य आता म्हणते. काही बहिणी म्हणतात, एवढं झालं तर सोडून द्या ना तुम्हीही. मला घाई वाटत नाही. तो देतो आहे आणि त्याची मान वर आहे. मी सोडलं तर ती खाली जाईल की आणखी वर, हे मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा ठरवीन.

मंडळ्यांच्या पंचांना मात्र एक विनंती आहे. कुणी गेलं की आपण दफनाची, जेवणाची, स्मरणाच्या प्रार्थनेची सोय फार चांगली करतो. त्याला एक काम जोडा. महिन्याभरात दोन जाणती माणसं त्या घरी पाठवा, एक हिशेब कळणारा आणि एक कागद वाचणारा. गेलेल्याची खाती, ठेवी, वारसनोंद आणि कुठे कुठे जामिनकीची सही आहे, हे विधवेसोबत बसून बघा. आणि ज्यांच्या सह्या आहेत ते हयात असतील, तर त्यांनी आज संध्याकाळीच घरी सांगावं.